उंदराच्या पाठीवरची रिंग

पुणे, १२ जुलै १९९३

ती. मामा,

नमस्कार. साष्टांग घालायला प्रयोगशाळेत जागा नाही, तेव्हा उभ्याउभ्याच केलाय असं समजा.

मामीनं विचारलंय, चारू दिवसभर नेमकं करते काय, लोक विचारतात तेव्हा काय सांगायचं. सांगा, उंदीर सांभाळते. पांढरे, लाल डोळ्यांचे, तळहातावर मावणारे. माणसाची कातडी जखमेनंतर कशी भरून येते ते आम्हाला समजून घ्यायचंय, आणि माणसाला मुद्दाम जखम करून रोज बघत बसता येत नाही. म्हणून उंदराला गुंगी देऊन त्याच्या पाठीवर शर्टाच्या बटणाएवढी जखम करतो आणि रोज बघतो.

मामा, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खरंच खुर्चीत बसले. पहिल्या दिवशी उघडं भोक. तिसऱ्या दिवशी तळाशी बारीक लाल दाणे, डाळिंबासारखे. अकराव्या दिवशी पिंजरा उघडला तर जागाच सापडेना, केस बाजूला करून शोधावी लागली. कुणी सांगितलं नाही, कुणी शिकवलं नाही, आणि आतल्या आत एवढं काम होऊन गेलं. मी दोन वर्षं हे बघतेय आणि अजून सवय होत नाही.

आणि आता खरी बातमी. आमच्या सुमेधा मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, एका प्रथिनाचं मलम केलंय. ते लावलं नाही तर जखम अकरा दिवसांत मिटते, लावलं तर नऊ दिवसांत. दोन दिवस म्हणजे काय ते मॅडमच्या चेहऱ्यावर बघायला हवं होतंत.

मामीला सांगा, हात धुऊनच जेवते.

तुमची,
चारू

---

इंदूर, २५ जुलै १९९३

चि. चारुलतास मामाचे आशीर्वाद. मामीचे वेगळे आहेत, माझ्यात मिसळायचे नाहीत अशी ताकीद आहे.

तुझं पत्र मी गजाननला वाचून दाखवलं. रफू खात्यात एकोणतीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर होता तोच. मिल बंद होऊन दीड वर्ष झालं तरी हा सकाळी सातला ड्यूटीवर आल्यासारखा आमच्या ओट्यावर हजर असतो. पत्र ऐकून म्हणाला, "भिया, चूहे का घाव नौ दिन में भरता है तो आदमी का क्यों नहीं भरेगा?" दुपारपर्यंत बडा गणपतीच्या चौकात सगळ्यांना कळलं होतं की लक्ष्मीकांतच्या भाचीनं जखमेचं औषध शोधलं. तू मोठी झालीस बाई. तुझी आई गेली तेव्हा एवढीशी होतीस, मामीच्या पदराला धरून हिंडायचीस. आज ती असती तर चौकात आमच्याही पुढे असती.

माझं बरं चाललंय. राजवाड्यामागच्या साडीच्या दुकानात फॉल-पिको करतो. रफूला कोणी येत नाही. कोट फाटला की लोक नवा घेतात, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला मिळतो. असो.

आता कामाचं. चपलेचा खिळा वर आला होता, तो उजव्या पायाला अंगठ्याखाली लागला. सहा आठवडे झाले, भरत नाही. तुझ्या उंदराला शर्टाचं बटण, मला कोटाचं. मामा आहे शेवटी. काळजी करू नकोस, अजिबात दुखत नाही, म्हणजे आतून बरी होत असणार. शुगर आहे हे तुला माहीत आहेच, गोळी घेतो. कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत थोडं मलम घालून पाठव.

आणि एक विचारायचं होतं. जखम भरली की त्या उंदरांना तुम्ही कुठे सोडता?

तुझा मामा

---

पुणे, ३ ऑगस्ट १९९३

ती. मामा,

मलम पाठवता येणार नाही. माणसाला लावायचं औषध व्हायला कितीतरी वर्षं आणि कितीतरी परवानग्या लागतात. तुम्ही आजच्या आज डॉक्टरकडे जा. शुगर असलेल्या माणसाचा पाय दुखत नाही हे चांगलं लक्षण नाही, नसा मुक्या झाल्यात म्हणून दुखत नाही. तुम्ही त्याच पायावर राजवाड्यापर्यंत चालत जात असाल हे मला न सांगता कळतंय. टेम्पोनं जा.

उंदरांचं म्हणाल तर ते आमच्याकडेच राहतात.

खरं सांगू? तुमचं पत्र आल्यापासून पिंजऱ्यांसमोर बसले की मला तुमचा पाय दिसतो. काही वर्षांनी हे मलम अशाच पायांसाठी निघेल असं मॅडमना वाटतं. मलाही वाटतं. पण तोवर डॉक्टर.

चारू

---

पोस्टकार्ड

इंदूर, १९ ऑगस्ट १९९३

चि. चारूस आ. तुझं मलम निघणार हे नक्की कळलं. मॅडमनाच वाटतं म्हटल्यावर प्रश्न मिटला. तोवर आम्हीही काही कच्चे नाही. दोन्ही काठ जवळ ओढून घट्ट चिकटपट्टी लावली, दहा दिवस सोडली नाही. काल सोडली तर वरून पूर्ण मिटलेली. डॉक्टरची फी वाचली. गजानन म्हणतो, उंदरापेक्षा एकच दिवस जास्त लागला. तुझा मामा.

---

इंदूर, २८ ऑगस्ट १९९३

चारू,

मी कधी पत्र लिहीत नाही, आणि हे स्पीड पोस्टनं आलं, म्हणून घाबरशील. घाबरण्यासारखंच आहे. तुझ्या मामांना चार दिवस ताप होता, कुणाला सांगितला नाही. मोजा काढेनात म्हणून मीच ओढून काढला तर पाय टरारलेला आणि वास. वरून मिटलं होतं ते नुसतं वरून होतं, आत सगळा पू. गजाननभाऊंनी टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात आणलं.

डॉक्टर जयेश म्हणून आहेत, चांगले आहेत. पू काढला. पण दोन बोटं काळी पडलीत. ती लगेच काढली आणि मेलेलं मांस साफ केलं तर पाय राहील. चार-पाच दिवस गेले तर घोट्याच्या वरून कापावा लागेल, आणि त्याच्याही पुढे गेलं तर माणूस. हे सगळं त्यांनी मला नीट सांगितलं.

हे ऑपरेशनच्या कागदावर सही करत नाहीत. म्हणतात, माझ्या भाचीचं औषध येतंय, नऊ दिवसांत भरतं, मग बोटं कशाला कापायची. तुझं पत्र उशीखाली ठेवलंय, नर्सला वाचून दाखवतात. मी रडले, रागावले, बोलणं बंद केलं. ऐकत नाहीत. तुझंच ऐकतील. काय लिहायचं ते तू जाण.

मामी

---

पुणे, ३० ऑगस्ट १९९३

मामा,

माझ्याबरोबर काम करणारी श्रेया इंदूरची आहे, ती आज दुपारच्या बसनं निघतेय. हे पत्र ती उद्या सकाळी तुमच्या हातात देईल. तिला समोर बसवून वाचा आणि वाचून झाल्यावर सही करा.

ते मलम काही करत नाही.

गेल्या आठवड्यात मी पहिल्यांदा मिटलेल्या जखमांचे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मला वाटलं होतं भोकाएवढी नवी कातडी दिसेल. दिसली ती एक बारीक रेघ. मामा, भोक भरलंच नव्हतं. आजूबाजूची जुनी कातडी ओढली जाऊन काठाला काठ लागला होता. टांग्याचा घोडा माशी बसली की कातडं थरथरवतो ना, तसला पातळ स्नायू उंदराच्या पाठीखाली असतो, तो थैलीच्या नाडीसारखं तोंड आवळतो. माणसाच्या तळपायाला तसलं काही नाही. मलमानं फार तर ते आवळणं दोन दिवस लवकर झालं. नवी कातडी मलम लावलेल्यात आणि न लावलेल्यात सारखीच होती, रेघेएवढी. हे मला आठ दिवस माहीत होतं आणि मी तुम्हाला लिहिलं नाही, कारण तुमच्या चौकात मी मोठी झाले होते.

तुम्ही चिकटपट्टीनं तेच केलंत. वरून आवळलंत, आत पोकळी राहिली. नऊ दिवसांत मिटवायची ती घाई माझ्याच पत्रातून आली, हे मला कळतं.

दुसरं खोटंही सांगून टाकते. उंदीर आमच्याकडे राहत नाहीत. जखम कापून बघायची तर उंदीर जिवंत ठेवता येत नाही. त्याला इथरनं झोपवतो आणि तो उठत नाही. ते काम मी करते, स्वतःच्या हातानं. तुम्ही सरळ विचारलंत आणि मी फिरवून उत्तर दिलं.

मी आज का निघत नाही ते ऐका. उद्या सोळा उंदरांचा नववा दिवस आहे. मी नसले तर ते सोळा फुकट जातील, काहीच न सांगता. उद्याचं काम संपवून रात्रीची बस धरते. पण तुम्ही माझ्यासाठी थांबू नका. मला तुमची दोन बोटं नकोत, मला तुम्ही हवे आहात. सही करा.

चारू

---

इंदूर, २४ सप्टेंबर १९९३

चि. चारूस,

तू परत जाऊन तीन आठवडे झाले. तू आलीस तेव्हा मी सही करून, बोटं देऊन, गुंगीत पडलेला होतो, म्हणून बोलायचं सगळं राहिलं. आज बसवतं आहे.

आधी उंदरांचं. श्रेया समोर बसली होती, मी पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. तू खोटं बोललीस याचा नाही, मी त्या खोट्यावर तरंगत होतो याचा. मग ते सोळा आणि त्यांच्या आधीचे सगळे उंदीर डोळ्यांसमोर आले. त्यांनी जे होतं ते दाखवलं, तू जे दिसलं ते लिहिलंस, म्हणून माझा पाय मला आहे. याला काय म्हणायचं ते मला येत नाही. रोज ड्रेसिंगच्या वेळी त्यांची आठवण येते एवढं खरं.

आता एक गंमत. ऑपरेशननंतर मी बघितलं तर जखमेला एकही टाका नाही, उघडा खड्डा. मी घाबरलो, म्हटलं हा डॉक्टर विसरला की काय. तर जयेश म्हणाला, "बाबूजी, टाँके नहीं लगाऊँगा. ऊपर से बंद कर दिया तो अंदर फिर सड़ेगा. नीचे से भर के आने दो." मी म्हटलं, "डॉक्टर साब, ये तो हमारा खाता है."

तुला कधी सांगितलं नसेल. रफू खात्यात नवा माणूस आला की त्याची पहिली चूक ठरलेली. कापडात भोक दिसलं की तो सुई घालतो आणि दोरा ओढतो. भोक मिटतं, त्याला वाटतं काम झालं. पण चहूबाजूंनी चुण्या पडतात, आणि फोल्डिंगचा, म्हणजे तयार माल तपासणारा, मास्तर ते कापड त्याच्या तोंडावर फेकतो. ओढून मिटवलेलं भोक म्हणजे रफू नव्हे. आम्ही काय करायचो, भोकाभोवती बांबूचं कडं लावायचो आणि कापड त्यात ताणून बसवायचो. ताण जास्त नाही, कमी नाही. मग भोक हलत नाही, जेवढं आहे तेवढंच राहतं. मग काठापासून एकेक उभा धागा, मग आडवे. भरायला वेळ लागतो, पण जे भरतं ते खरं कापड असतं.

तुझ्या उंदराचं कातडं म्हणजे तो घाईचा नवा माणूस आहे. त्याला कडं लाव की. जखमेभोवती रिंग बसव, मग त्याला ओढता येणार नाही, झक मारत विणावं लागेल. नुसती चिकटवू नकोस, सुटेल. टाके घाल, पण भोकाच्या काठाला नाही, जरा लांब, म्हणजे ओढ रिंगवर येईल. मी आपलं पडल्यापडल्या सुचलं ते लिहिलं. मॅडम हसल्या तर माझं नाव सांगू नकोस.

मिलमधून एकच वस्तू घरी आणली होती, धागे मोजायचं भिंग. ते घेऊन मी रोज खड्डा बघतो. नर्स म्हणते, बाबूजी पागल हो गए. तळाशी तू लिहिलेले दाणे आलेत. डाळिंब बरोबर लिहिलंस.

तुझा मामा

---

पुणे, १६ डिसेंबर १९९३

ती. मामा,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण अर्धवट काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता पूर्ण लिहिते.

मॅडम हसल्या नाहीत. पत्र वाचून त्यांनी विचारलं, मामा कुठल्या कॉलेजात असतात. मी म्हटलं, रफू खात्यात. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, उद्यापासून कर. असं आधी कुणी कुठे केलंय का ते त्या लायब्ररीत शोधताहेत. केलं असेल तरी मला वाईट वाटणार नाही.

सिलिकॉनच्या रबरासारख्या लवचिक शीटमधून बांगडीसारख्या छोट्या रिंगा कापल्या. पहिल्या खेपेला एका पिंजऱ्यात चार उंदीर ठेवले, तर सकाळपर्यंत त्यांनी एकमेकांच्या रिंगा कुरतडून टाकल्या होत्या. मग प्रत्येकाला वेगळी खोली दिली. सहा टाके कमी पडले, आठ पुरले, काठापासून लांब, तुम्ही सांगितलंत तसे. नवव्या दिवशी मी पिंजरा उघडला आणि भोक जसंच्या तसं. मला आनंदानं हसू आलं. भोक न मिटल्याचा एवढा आनंद झालेली मी पहिलीच असेन.

सतराव्या दिवशी भरलं. काप केले, काच सूक्ष्मदर्शकाखाली लावली. मामा, या वेळी रेघ नव्हती. या काठापासून त्या काठापर्यंत अखंड नवी कातडी होती. मधल्या दिवसांचे काप ओळीनं लावून पाहिले तेव्हा सगळी गोष्ट दिसली. काठावरच्या पेशी एरवी एकमेकींना घट्ट धरून असतात. जखम झाली की त्या हात सोडतात, चपट्या होतात आणि उघड्या जागेवर चालत निघतात, मागच्या पेशी वाढत त्यांना पुरवठा करतात. खालून दाणे वर येतात, त्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्या फुटतात. दोन्हीकडून निघालेल्या मध्ये भेटतात आणि भेटल्या की थांबतात. थांबायचं कसं कळतं हे जगात कुणालाच नीट माहीत नाही. मी दुपारचं जेवण विसरून बघत होते. हे माझ्या कातडीत आहे, तुमच्या पायात आहे, आणि आपण त्यातलं काहीही करत नाही.

आणि मलम. रिंग लावल्यावर मलमवाल्यांना सतरा दिवस आणि बिनमलमवाल्यांनाही सतरा. काडीचा फरक नाही. माझी दोन वर्षं गेली. मी प्राण्यांच्या खोलीत जाऊन रडले, बाहेर येऊन मॅडमना आकडे दाखवले. त्यांनी ते स्वतः पुन्हा तपासले. मलम त्यांचं होतं, माझ्याहून जास्त. मग म्हणाल्या, हे असंच्या असं लिहायचं, एक ओळ लपवायची नाही. माझा प्रबंध आता मलमावर नाही, रिंगेवर आहे.

तुमच्या पायाचं काही लिहीत नाही आहात. मामीही नाही. डॉ. जयेश काय म्हणतात ते स्वच्छ लिहा. मला आता फिरवून लिहिलेलं लगेच ओळखता येतं.

चारू

---

इंदूर, २० फेब्रुवारी १९९४

चि. चारूस मामाचे आणि मामीचे आशीर्वाद, या वेळी एकत्र, तिनंच परवानगी दिली.

लिहिलं नाही कारण डिसेंबरात पायानं दगा दिला होता. निम्मा भरला आणि महिनाभर हलेना. जयेशनं मामीला बाजूला घेऊन सांगितलं, की असाच राहिला तर कदाचित पुन्हा कापावं लागेल, या वेळी वरून. मी चालायचो ग, गपचूप, संडासापर्यंत, मग ओट्यापर्यंत. दुखत नाही म्हणून कळत नाही. प्रत्येक पावलाला नवी विणलेली कातडी मी स्वतःच तुडवत होतो. मग त्यानं पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि म्हणाला, "अब पैर ज़मीन को नहीं छुएगा." सहा आठवडे मी खाटेवर. माझंही कडंच झालं म्हण ना, हलायचं नाही.

परवा दवाखान्यात प्लास्टर कापलं. मामी भिंतीकडे तोंड करून उभी होती. जयेशनं पाय उचलला, दिव्याकडे फिरवला आणि बोटानं काठ चाचपत राहिला. मी म्हटलं, "बोलो साब, जो है सो बोलो." तो म्हणाला, "बाबूजी, भर गया." मामी भिंतीकडून वळली. मी भिंग काढलं. गुलाबी, गुळगुळीत, रेषा नाहीत, पातळ इतकी की खालचं रक्त दिसतं. एवढी वर्षं मी कापडाला कापड जोडलं, आणि त्यातला एकही तुकडा असा स्वतःहून काठापासून चालत आला नव्हता. मी जयेशला म्हटलं, ये किसने बनाया? तो म्हणाला, "आपने नहीं, मैंने भी नहीं." मला डोळे पुसावे लागले, सांगायला लाज नाही.

निघताना जयेशनं थांबवलं आणि एकाला समजवायला सांगितलं. पलीकडच्या खाटेवर बेटमा गावचा एक माणूस होता, किराणा दुकान आहे म्हणाला, चाळिशीचा. तसाच पाय, तशीच काळी बोटं. तीन दिवस सही करत नव्हता. त्याला कुणीतरी झाडपाल्याचं तेल आणून देणार होतं. त्याची बायको तुझ्या मामीसारखीच भिंतीला टेकून बसली होती.

उंदरांचं सांगितलं असतं तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं. मी त्याच्या खाटेवर बसलो, चप्पल काढली, पाय त्याच्या मांडीजवळ ठेवला आणि म्हटलं, "हाथ लगा के देखो, भिया." तो आधी मागे सरकला. मग दोन बोटं गेलेल्या जागेवरून त्यानं हळूच बोट फिरवलं, पुढे नव्या कातडीवर आणलं आणि तिथेच ठेवलं. मला काही जाणवलं नाही, तो पाय मुकाच आहे. पण त्याचं बोट किती जपून टेकलंय ते मला दिसत होतं. बराच वेळ त्यानं ते उचललं नाही. मग बायकोकडे बघून म्हणाला, "कागज़ ला."

तुझा मामा